वंशावळीचा लातूर पॅटर्न

लातूरला ऋतू चार: उन्हाळा, पाणीटंचाई, नीटचा निकाल आणि वंशावळ. पहिल्या तिघांची कीर्ती बाहेर पोचलेली आहे. 2016 साली मिरजेहून आगगाडीनं पाणी आलं तेव्हा आमची टंचाई देशभर टीव्हीवर दिसली, आणि निकालानंतर ट्यूशन एरियात लागणारे फलक एवढे मोठे असतात की ते चुकवून चालणंच अवघड. वंशावळीचा ऋतू मात्र घरातल्या घरात येतो. निकाल लागतो, पोराला बरे मार्क पडलेले असतात, पेढे वाटून होतात, आणि मग कुणीतरी जाणकार जातीच्या दाखल्याबद्दल विचारतो, "व्हॅलिडिटी काढलीय का?" झालं. दोन वर्षं "अभ्यास कर" याखेरीज पोराशी दुसरं काही न बोललेला बाप त्या क्षणी इतिहासाचा विद्यार्थी होतो. "आपल्या खापरपणजोबाचं नाव काय रे?" असं तो पोरालाच विचारतो. पोराला माणसाच्या अंगातली 206 हाडं तोंडपाठ असतात; ती ज्यांच्याकडून आली त्यांतलं आजोबांच्या पलीकडचं एकही नाव ठाऊक नसतं. बापालाही नसतं, पण त्याला तोंडी परीक्षा घेण्याचा अधिकार असतो.

नांदेडची गत निराळी नाही. नीटमध्ये आता आम्हीच पुढं, असं नांदेडकर म्हणतात. त्या वादात मी पडत नाही, कारण दोन्हीकडं सोयरे आहेत आणि सोयरे म्हटलं की पुन्हा वंशावळ आलीच.

हा ऋतू बघायचा तर कुठल्याही तहसील कचेरीसमोर उभं राहावं. लिंबाखाली छत्री, छत्रीखाली लॅपटॉप, शेजारी प्रिंटर आणि कुठून तरी ओढून आणलेली वायर. बाँड रायटर मान वर न करता विचारतो, "मूळ पुरुष कोण टाकू?" समोरचा गोंधळला तर मार्गदर्शनही करतो: "पणजोबापास्नं धरा. लई वर गेलाव तर पुरावा मागतेत." एवढ्यावर घराण्याचा मूळ पुरुष ठरतो. त्याच्या खाली उभ्या-आडव्या रेघा, चौकोन, चौकोनात एकेक नाव आणि नावापुढं कंसात 'मयत'. सगळ्यांत खाली अर्जदार. आमच्याकडं घराणं वरून खाली येत नाही. खालच्याला कागद लागतो, म्हणून वरचे जन्माला येतात.

अशा या मुलखात आमच्या गल्लीतल्या एका निवृत्त मुख्याध्यापकांनी वंशावळशास्त्राचा ऑनलाइन सर्टिफिकेट कोर्स लावला. कुणाचं ॲडमिशन नाही, कुणाची निवडणूक नाही, वाटणीचा दावाही नाही. नुसती हौस! गल्लीचा यावर विश्वास बसला नाही. "गुरुजींचा काहीतरी जमिनीचा मॅटर दिसतो," असं म्हणून लोक गप्प बसले.

जगात असे कोर्स रीतसर चालतात. ग्लासगोच्या स्ट्रॅथक्लाइड विद्यापीठात या विषयाची पदव्युत्तर पदवी मिळते, आणि त्याच विद्यापीठाचा सहा आठवड्यांचा ऑनलाइन कोर्स जगभरच्या लोकांनी केलेला आहे. अमेरिकेत बॉस्टन विद्यापीठाचा पंधरा आठवड्यांचा सर्टिफिकेट कोर्स आहे. गुरुजींनी लावलेला यांपैकी नव्हे. तो कुठला ते सांगत नाही, कारण पुढं त्याची थोडी कुचाळकी येणार आहे. या मंडळींचा सगळ्यात मोठा सिद्धान्त असा: सुरुवात स्वतःपासून करा, एकेक पिढी मागं जा, आणि प्रत्येक पायरीला कागद ठेवा. इंग्लंडात जन्म-मृत्यूची सरकारी नोंद 1837 पासून आहे, स्कॉटलंडात 1855 पासून. त्याआधी चर्चची पुस्तकं. जनगणनेत घराघरातल्या माणसांची नावं, वयं, धंदे. आणि शंभर वर्षं झाली की ती पत्रकं लोकांसाठी खुली. 1921 ची 2022 साली उघडली. गुरुजी ही माहिती ओट्यावर बसून सांगत तेव्हा ऐकणाऱ्यांना वाटे, स्कॉटलंडात यांची भावकी असावी.

मग गुरुजी स्वतःकडं वळले. जनगणना आपल्याकडंही 1872 पासून आहे, पण 1948 च्या जनगणना कायद्याच्या 15 व्या कलमानं ती पत्रकं कुणाला बघता येत नाहीत. जन्ममृत्यू नोंदणीचा देशभराचा कायदा 1969 चा. गुरुजी त्याच्या आधीचे. उरला शाळेचा दाखला. त्यावर जन्मतारीख 1 जून.

यात आश्चर्य नाही. एका पिढीचा निम्मा मराठवाडा 1 जूनला जन्मला आहे. शाळेत घालायला आणलेल्या पोराचा उजवा हात डोक्यावरून डाव्या कानाला लावून बघायचा, लागला तर सहा वर्षं पूर्ण, आणि तारीख 1 जून. दर 31 मेला सरकारी कचेऱ्यांत शाल-श्रीफळांची टंचाई होते ती यामुळंच. कोर्सच्या दुसऱ्या धड्यात मात्र एक वाक्य होतं आणि ते गुरुजींना टोचलं. कुठलीही नोंद घ्या, पण आधी दोन गोष्टी विचारा: माहिती कुणी दिली आणि कशासाठी दिली? आपली तारीख कुणी दिली ते गुरुजींना माहीत नव्हतं. पण नोकरीत असताना किती पोरांना आपण स्वतः 1 जूनला जन्माला घातलं, ते पक्कं माहीत होतं. त्या दिवशी ते ओट्यावर आले नाहीत.

तिसऱ्या धड्याला प्रात्यक्षिक होतं. घरातल्या सर्वांत वयस्क व्यक्तीची मुलाखत घ्या. प्रश्नांची यादीही दिलेली. गुरुजींची थोरली चुलती, नव्वदीच्या पुढची, औसा तालुक्यातल्या गावी असते. तिला सगळे मोठी माय म्हणतात. गुरुजी मोबाइल रेकॉर्डरवर ठेवून समोर बसले. पहिला प्रश्न होता बालपणीच्या सुखद आठवणीचा.

"कशाचं सुखद?" मोठी माय म्हणाली. "रझाकाराच्या टायमाला रानात लपून बसलो. हे काय करूलालास, फोन चालूच ठेवलास की."

तारखा विचारून उपयोग नव्हता, पण काळ तिला चोख ठाऊक होता. सगळ्या घटना तिच्याकडं तीन खुंट्यांना टांगलेल्या: रझाकाराच्या टायमाला, बहात्तरच्या दुष्काळात आणि भूकंपाच्या आधी. किल्लारीच्या भूकंपाची तारीख, 30 सप्टेंबर 1993, तिकडच्या कित्येक घरांच्या वंशावळीत एकाच ओळीत चार-चार नावांपुढं लिहावी लागते. त्यावर मोठी माय काही बोलली नाही, गुरुजींनी विचारलंही नाही.

खरी अडचण निराळीच निघाली. मोठी माय नवऱ्याचं नाव घेत नाही. सासऱ्याचं घेत नाही. मोठ्या दिराचं तर नाहीच नाही. परदेशी अभ्यासक्रम ज्यांनी आखला त्यांना हे सुचणं शक्य नव्हतं, की घराण्याची सगळ्यात जाणकार साक्षीदार घराण्यातल्या एकाही कर्त्या पुरुषाचं नाव उच्चारणार नाही. "आमच्या घरचे", "तुझा काका", "थोरल्याचा बाप", "म्हातारा" अशा शब्दांत तिनं तीन पिढ्या सांगितल्या. सासऱ्याचं नाव गूळ या शब्दाशी जुळतं म्हणून तिनं जन्मभर गुळाला 'गोड' म्हटलं आहे. गुरुजींनी ते रेकॉर्डिंग ऐकून ऐकून शेवटी उलटं काम केलं: जे शब्द ती टाळते त्यांची यादी केली. त्या यादीतून खापरपणजोबांचं नाव निघालं. कोर्सच्या कुठल्याच धड्यात ही पद्धत नाही, पण माझ्या मते तीवर एक अख्खा धडा व्हायला हरकत नाही.

बाकी माहिती मात्र अशी, की तलाठ्यानं कानाला हात लावावा. कुणाची लेक कुठं दिली, कुणाची सून कुठून आली, कुणाला दोन बायका, कोण दत्तक, बांधावरचं चिंचेचं झाड कुणाच्या वाट्याचं आणि खातं कोण. मध्येच म्हणाली, "हे लिहू नको, त्यांचं पोरगं ग्रामसेवक आहे."

नावांचा घोळ तर विचारूच नये. आपल्याकडं नातवाला आजोबांचं नाव ठेवायची रीत. त्यामुळं नामदेव तुकाराम, तुकाराम नामदेव, नामदेव तुकाराम, असा दोनच नावांवर एका घराण्यानं दीडशे वर्षं संसार केलेला असतो. सात-बारावरचा नामदेव तुकाराम आजोबा की खापरपणजोबा, हे ठरवायला तहसीलदारही डोकं खाजवतात. त्यात आडनाव. कोर्सच्या तक्त्यात आडनावाला एकच रकाना. इथं माणूस एक, पण गावात पाटील, कागदावर मूळ आडनाव आणि तालुका सोडला की गावावरून 'कर'. शिवराज पाटील चाकूरकर आणि शिवाजीराव पाटील निलंगेकर या दोन मोठ्या माणसांनी दोन्ही एकदम लावून हा प्रश्न राष्ट्रीय पातळीवर सोडवला. बाकीच्यांना ती सोय नाही. सख्ख्या भावांपैकी एक कंधारला राहिला तो पाटील, दुसरा नांदेडला वकिली करायला गेला तो कंधारकर, आणि तिसऱ्याचं शाळेत मास्तरांनी ऐकलं तसं लिहिलं. त्या तिसऱ्याची नातवंडं आज आपण एका वंशाचे आहोत हे सिद्ध करायला प्रतिज्ञापत्रं घालत फिरतात.

यापुढं गंमत सुरू होते. पूर्वजांना क्रमांक द्यायची एक जर्मन पद्धत आहे. आपण 1, वडील 2, आई 3. वडिलांचे आईवडील 4 आणि 5, आईचे आईवडील 6 आणि 7. कुणाच्याही क्रमांकाची दुप्पट केली की त्याचा बाप, त्यात एक मिळवला की त्याची आई. गुरुजी गणिताचे, त्यांना ही पद्धत इतकी आवडली की बायकोला "अगं तीन नंबरचा चष्मा कुठाय?" असं म्हणून त्यांनी आईच्या जुन्या चष्म्याची चौकशी केली.

पण देगलूर, बिलोली, उदगीर, देवणी हा पट्टा तेलंगण-कर्नाटकाला चिकटलेला. तिकडच्या कित्येक घरांत सख्ख्या मामानं भाचीशी लग्न करायची चाल होती. गुरुजींचं मूळ घर त्याच पट्ट्यातलं, आणि त्यांचे आईवडील नात्यानं मामा-भाची. म्हणजे बापाची थोरली बहीण हीच आईची आई. गणित असं झालं की 4 नंबरचे आजोबा 14 नंबरलाही बसले आणि 5 नंबरची आजी 15 नंबरला. तक्ता भरायच्या सॉफ्टवेअरनं लाल त्रिकोण दाखवला: एकाच व्यक्तीची दोनदा नोंद, चूक तपासा. गुरुजींनी तपासली. चूक नव्हती, सोयरीक होती. पुन्हा भरलं, पुन्हा त्रिकोण. राहिली 7 नंबरची बाई. ती आईची आई म्हणून आजी, आणि बापाची बहीण म्हणून आत्या. गुरुजींच्या आठवणीप्रमाणं खाऊ देताना ती आजी असायची आणि लग्नकार्यात मानपानाला आत्या. हे नातं ज्या रकान्यात बसेल तो रकाना त्या कंपनीकडं नव्हता. गुरुजींनी मदत-केंद्राला सविस्तर इंग्रजी पत्र लिहिलं. उत्तर आलं, की आपल्या कुटुंबाला झालेल्या त्रासाबद्दल आम्ही दिलगीर आहोत.

गुरुजींचं हे चालू असताना गावागावांत मात्र वंशावळ हा जीव टांगणीला लावणारा विषय झालेला होता. 7 सप्टेंबर 2023 ला सरकारनं निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली आणि मराठवाड्यातली निजामकाळची दप्तरं कुणबी नोंदींसाठी उघडली. पुढं 2 सप्टेंबर 2025 ला हैदराबाद गॅझेटचा शासन निर्णय आला, आणि गावपातळीवर चौकशी करायला ग्राम महसूल अधिकारी, ग्रामपंचायत अधिकारी आणि सहायक कृषी अधिकारी अशा तिघांची समिती आली. आरक्षणाचं जे व्हायचं ते सरकार, न्यायालय आणि आंदोलन बघून घेतील. मला कौतुक आहे ते कागदाचं. ज्या दप्तराकडं वाळवीशिवाय कुणी फिरकलं नव्हतं, त्याच्यासमोर एकाएकी रांगा लागल्या.

निजामी नोंदवहीचं एक पान मी जवळून पाहिलं आहे. मजकूर उजवीकडून डावीकडं, उर्दूत, घाईच्या हातानं लिहिलेला. पटवाऱ्याच्या बोरूला उसंत नव्हती हे कळतं. तांबूस रेघा, कडा खाल्लेल्या, मध्ये घडीवर भोकं. वर्ष फसली. फसलीत 590 मिळवले की इसवी सन निघतो, म्हणजे 1345 म्हणून लिहिलं असेल तर 1935 चा सुमार. महिने इराणी: आजर, दै, बहमन. आमच्या औशा-निलंग्याच्या शेतकऱ्याची ज्वारी चैत्र-वैशाखात नव्हे तर खुर्दाद महिन्यात लिहिलेली बघून अंगावर मूठभर मांस चढतं. पण खरी मेख नुक्त्यात. उर्दूत शब्दाच्या मध्ये आलेल्या ब आणि न यांत फरक फक्त टिंबाचा: खाली दिलं तर ब, वर दिलं तर न. आता शंभर वर्षांत त्या पानावर माशी बसलेलीच नाही, असं कोण छातीठोक सांगणार? एका घराण्याच्या आडनावात माशीनं बदल केल्याचा संशय गावात आजही आहे. त्या घरात म्हणे उर्दू वाचणारा एक आणि माशीबद्दल शंका घेणारे अकरा.

उर्दू आणि मोडी वाचणाऱ्यांना मग जे दिवस आले, ते विचारू नका. कालपर्यंत "मोडी शिकून काय करणार?" असं जिला घरचे टोचायचे, त्या पोरीला लोक गाडी पाठवून बोलावू लागले. मोडीचे ऑनलाइन वर्ग निघाले. 2014 साली मोडीला युनिकोडमध्ये जागा मिळाली तेव्हा तिचं सोयरसुतक कुणाला नव्हतं. आता "मोडी येते" हे स्थळ बघताना सांगण्यासारखं झालं.

यात ज्यांच्याकडं मुळात कागदच नव्हता त्यांचे हाल कुत्रा खात नाही. जातीच्या दाखल्याला प्रवर्गानुसार तारखा ठरलेल्या आहेत. त्या दिवशी तुमचा बाप-आजा इथला रहिवासी असल्याचा पुरावा लागतो. अनुसूचित जातींना 10 ऑगस्ट 1950. त्या दिवशी लातूर हैदराबाद राज्याच्या उस्मानाबाद जिल्ह्यातलं एक गाव होतं आणि महाराष्ट्र नावाचं राज्य व्हायला दहा वर्षं बाकी होती. इतर मागासवर्गाला 13 ऑक्टोबर 1967. भटक्या विमुक्तांना 21 नोव्हेंबर 1961. ज्यांना 'भटके' हे नाव सरकारनंच दिलं, त्यांना सरकारच विचारतं, "त्या तारखेला तुम्ही कायमचे कुठल्या गावात राहत होता?" ही मंडळी वर्षातून एकदा खात्रीनं सापडायची ती माळेगावच्या खंडोबाच्या जत्रेत. तिथं त्यांच्या जातपंचायती भरत, सोयरिकी ठरत, भांडणं मिटत. पण जत्रेतल्या पालाला घर नंबर नसतो.

कोर्सच्या शेवटच्या भागात पुराव्याची पाच कलमी कसोटी होती. अमेरिकेतल्या वंशावळतज्ज्ञांनी ती घालून दिलेली: शोध कसून करा, प्रत्येक विधानाला आधार द्या, पुरावे तोलून पाहा, परस्परविरोधी पुरावे असतील तर त्यांचा निकाल लावा, आणि मग तर्कशुद्ध निष्कर्ष लिहा. चौथ्या कलमापाशी गुरुजी थांबले. आपल्याकडं परस्परविरोधी पुराव्यांना भावकी म्हणतात, आणि त्यांचा निकाल दिवाणी कोर्टात लागतो, किंवा लागत नाही. जमिनीचा दावा लावलेला आजोबा वारला की बाप उभा राहतो, बाप थकला की नातू. घराण्याची सगळ्यात खरी वंशावळ बघायची असेल तर दाव्यातल्या वादी-प्रतिवादींची नावं पाहावीत. त्यात एकही वारस सुटलेला नसतो. वकील सुटू देत नाही.

एरवी सुटतात त्या बाया. बाँड रायटरच्या चौकोनांत त्या नसतात. दारी येणाऱ्या भाटाच्या वहीत नसतात. भाट गोधडीवर बसतो, पाणी पितो, खणखणीत आवाजात बावीस पिढ्या म्हणतो, नवीन जन्मलेल्या पोरांची नावं घालून घेतो, धोतर-पैसे घेतो आणि उठतो. पोरींची नावं घालायला तो पैसेही मागत नाही, एवढाच त्याचा प्रामाणिकपणा. निलंगा-उदगीरकडं लिंगायत घरांतून कर्नाटकातला हेळवी येतो, पूर्वी बैलावर यायचा, आता मोटारसायकलवर. तांड्यावर ढाडी येतो. वह्या वेगळ्या, भाषा वेगळ्या, पोरींच्या बाबतीत एकमत. लग्नानंतर तर बाईचं पहिलं नावही ताटातल्या तांदळावर बदलून टाकायचं, म्हणजे मागं शोधायला काही शिल्लक नको. कोर्सच्या तक्त्यात आजीचं माहेरचं नाव भरल्याशिवाय पुढचं पान उघडत नव्हतं. गुरुजी दोन दिवस त्या पानावर अडकले. आख्ख्या भावकीत एकालाही ते सांगता आलं नाही. सांगितलं शेवटी तलाठ्याच्या जुन्या फेरफारानं.

बहिणीचं नाव कागदावर हमखास येतं ते एका प्रसंगी. बाप वारला की वारसाची नोंद लागते. त्यात कायद्यानं मुलीही येतात. महाराष्ट्रानं 1994 सालीच मुलींना वडिलार्जित मिळकतीत बरोबरीचा वाटा दिला, केंद्रानं 2005 साली. त्यामुळं बहीण आधी वंशावळीत घ्यावी लागते, आणि घेतल्यावर तिच्याकडून हक्कसोडपत्र लिहून घेऊन कमी करावी लागते. भाऊ गाडी घेऊन जातात, रजिस्ट्री ऑफिसात चहा पाजतात, अंगठा किंवा सही घेतात, साडी देतात आणि संध्याकाळपर्यंत सासरी पोचवतात. गुरुजींच्या तक्त्यात आजीचं, आत्यांचं, चुलत बहिणींचं नाव असलेली जेवढी कागदपत्रं जमली, त्यांतली बहुतेक हक्कसोडपत्रं होती. गुरुजींनी ती 'आधार' म्हणून जोडली. परदेशी परीक्षकानं शेरा मारला की तुमच्या घराण्यातल्या स्त्रिया फार उदार दिसतात. गुरुजींनी तो शेरा मोठ्या मायला मराठीत करून सांगितला. ती इतकी हसली की कवळी काढून ठेवावी लागली. तिच्याही नावचं एक हक्कसोडपत्र त्यात होतं, माहेरच्या बाजूचं. "साडी इरकली होती," ती म्हणाली. "पयल्या धुण्यात रंग गेला."

गुरुजी पास झाले. सर्टिफिकेट ई-मेलनं आलं. रंगीत, कडेला वेलबुट्टी, खाली क्यूआर कोड. नांदेडच्या एका कॉलेजात कौटुंबिक इतिहासावर एक दिवसाची कार्यशाळा होती, तिथं व्याख्यानाला बोलावणं आलं. मानधनासाठी कागद द्यायचे होते. कारकुनानं सर्टिफिकेट आणि आधार कार्ड शेजारी ठेवून पाहिलं. सर्टिफिकेटवर नाव आणि आडनाव, आधारवर नाव आणि वडिलांचं नाव. आडनावाचा पत्ता नाही.

"हे दोन माणसं दिसतेत," कारकून म्हणाला.

"दोन्ही मीच."

"तसं प्रतिज्ञापत्र लागेल. आन् ह्याची साक्षांकित प्रत. क्यूआर राहू द्या, गोल शिक्का पाहिजे."

ज्यांनी तीस वर्षं गावाच्या झेरॉक्सा साक्षांकित केल्या, ते गुरुजी गोल शिक्क्याच्या शोधात लोहा-अहमदपूरमार्गे एसटीनं लातूरला परत आले. शिक्का होता एका जुन्या विद्यार्थ्याकडं. तो आता राजपत्रित अधिकारी. त्यानं खुर्ची दिली, चहा मागवला, सर्टिफिकेटावर एक नजरही न टाकता सही ठोकली आणि शिक्का मारला. मग दार लोटून हळूच म्हणाला, "गुरुजी, येत्या 31 मेला रिटायर होतोय. आई म्हणायची माझा जन्म दिवाळीतला. ते पाच महिने मिळाले असते तर क्लास वनच्या प्रमोशनवर गेलो असतो. तुम्ही आता हे शिकलात म्हणून विचारतो, ते 1 जून कुणी लिहिलं असंल?"

गुरुजींनी सर्टिफिकेटाची प्रत घडी न घालता पिशवीत ठेवली. "बघावं लागेल," ते म्हणाले. "माहिती देणारा भरवशाचा नसावा."